डावा का उजवा

आपण कधी कुणाचं वाकडं केलं नाही, असं लीलाधर नारखेडे बावन्न सालच्या नाताळापर्यंत छातीठोकपणे सांगत असे. सावद्याच्या केळीवाल्या घरातला हा मॅट्रिक झालेला धाकटा मुलगा भुसावळच्या यार्ड ऑफिसात कारकून होता. कुठल्या मालगाडीत कोणते डबे लागले आणि ते कुठं जायचे, याच्या याद्या करायच्या हे त्याचं काम. पान नाही, तंबाखू नाही, पत्ते नाहीत. बायकोवर हात उगारणं तर सोडाच, आवाजसुद्धा चढवला नव्हता. अशा माणसांच्या हातून वाईट घडतं तेव्हा त्यांचं त्यांनाच ते ओळखायला वेळ लागतो, एवढंच.

रेल्वेच्या क्लबाला गावात सगळे इन्स्टिट्यूट म्हणत. गोऱ्यांच्या राज्यात तिथल्या पायरीवर कारकुनाला उभं करत नसत. राज्य गेलं, दार उघडलं, आणि आपली मंडळी आत शिरली ती कॅरम आणि फुकटच्या वर्तमानपत्रापुरती. आतल्या सागवानी फळ्यांच्या हॉलमध्ये शनिवारी संध्याकाळी अँग्लो-इंडियन ड्रायव्हर, गार्ड, त्यांच्या बायका-मुली नाचत. आपली माणसं ते व्हरांड्यातून डोळे भरून पाहत आणि घरी जाऊन नावं ठेवत. लीलाधरही पाहायचा, पण नावं ठेवायचा नाही. बाकीच्या नाचांत त्याला उड्या दिसायच्या. टँगो सुरू झाला की मात्र तो खिडकीचा गज धरून उभा राही. जोडपी हॉलभर गोल चालत, पुढचं जोडपं मध्येच थांबलं की मागचा पुरुष न अडखळता दिशा बदली, बाई एका पायावर गर्रकन फिरे आणि वाट मोकळी होई. रोज दीडशे डब्यांची कोंडी कागदावर सोडवणाऱ्या माणसाला हे फार आवडलं. आपल्यालाही हे यावं, असं त्याच्या मनानं घेतलं.

नवशिक्यांना शिकवायचं काम टेलिफोनवरच्या मिस हेझल रोझारिओकडे होतं. पस्तिशीची, अविवाहित, मनानं लोण्यासारखी आणि तोंडानं फटकळ बाई. एप्रिलात ती आईला घेऊन कायमची विलायतेला जायची होती. लीलाधर सरळ चालायला दोन शनिवारांत शिकला. घोडं अडलं ते वळणावर. परक्या बाईच्या जवळ जायचं कसं, म्हणून तो दोघांमध्ये धान्याचं पोतं मावेल एवढं अंतर ठेवी. मग वळायचं आहे हे तिला कळावं कसं? तर हातानं ढकलून.

"हम ठेला नहीं, मिस्टर नारखेडे," हेझल म्हणायची. "धक्का मत मारो. हाथ से नहीं, बदन से बोलो."

बदनानं बोलायचं म्हणजे काय, हे सावद्याच्या शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. तिसऱ्या शनिवारी त्यानं तिला खांबावर नेऊन आदळलं, तेव्हा व्हरांड्यातल्या आपल्याच माणसांनी टाळ्या पिटल्या. लीलाधर घरी आला तो कान लाल करून, आणि कोपऱ्यात भाकरी थापणाऱ्या बायकोला म्हणाला, "अवं, इकडं ये जरा. उभी राय माझ्यासमोर."

सुनंदा रावेरकडची. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं, त्याबद्दल सासरी बोलणी खाऊन ती भुसावळच्या दीड खोलीच्या क्वार्टरात आली होती आणि इथं तिला बरं वाटत होतं. नाच शिकायचा म्हटल्यावर ती आधी हसली, मग पदर तोंडाला लावून आणखी हसली, मग उठून तिनं दाराला कडी घातली. बाज उभी केली, पाण्याचा हंडा मोरीत सरकवला. आणि त्या दीड खोलीत लीलाधर नारखेड्याला टँगो आला.

आला म्हणजे तिनं आणला. आपल्याकडं बायको नवऱ्याच्या चार पावलं मागून चालते. सुनंदाही नऊ वर्षं तशीच चालत आली होती. बाजारात तो कुठल्या गल्लीला वळणार, कुठल्या दुकानापाशी थांबणार, हे त्याच्या पाठीवरून आणि खांद्यावरून ओळखायची तिला सवयच होती, कारण तो कधी सांगायचा नाही. आता ती समोरून तेच करू लागली. शिवाय नऊवारी लुगड्याचा कासोटा, पाय पुढं-मागं टाकायला मोकळे. हेझलबाईंच्या घोळदार झग्यापेक्षा कितीतरी सोयीचं.

"तुमचा हात आधी फिरते आन् अंग मांगून," चौथ्या दिवशी ती म्हणाली. "मी कोनाचं आयकू?"

"मग काय करू?"

"हाताचं कामच नही. तुमी आंगानं वळा, मले समजते. आन् माहा पाय भुईले टेकू देत जा. टेकला की मंग फिरवा. अधांतरी फिरवलं तं मानूस पडीनच ना."

रुळांचा सांधा बदलायचा तर आधी डबा त्यावरून पुरता सरकायला हवा, हे लीलाधरला ऑफिसात पाठ होतं. पण बाईचं पाऊल टेकेपर्यंत थांबायचं असतं, हे त्याला बायकोनं सांगितलं. तो थांबायला शिकला. आधी स्वतःशी ठरवायचं, वजन एका पायावर न्यायचं, तिचं पाऊल टेकलं की छाती वळवायची, आणि ती जात्याच्या वरच्या दगडासारखी मधल्या खिळीवर फिरते ती फिरू द्यायची. अडीच पावलांच्या जागेत ते दोघं दिशा बदलायचे. वाजायला काही नव्हतं, लीलाधर तोंडानंच टक्-टक् करायचा. एकदा ती सलग तीनदा फिरली आणि थांबल्यावर त्याच्या सदऱ्याला धरून उभी राहिली. तिचा चेहरा असा उजळलेला त्यानं लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. लग्नात तो झाकलेलाच होता म्हणा.

"नाताळाच्या नाचाले मी कोनतं लुगडं नेसू?" तिनं विचारलं.

तिला न्यायचं असं लीलाधर कधी म्हणाला नव्हता. न्यायचं नाही असंही म्हणाला नव्हता. मराठी नवरा अशा वेळी जे म्हणतो ते तो म्हणाला, "पाहू."

तिला ते होच वाटलं. तिनं अंजिरी लुगडं काढून ठेवलं, त्यावर हिरवी चोळी शिवून घेतली, आणि शेजारच्या कुंदाबाईला विचारून टाचेच्या भेगांना मेण-तेल लावायला सुरुवात केली. नवरा रोज ते पाहत होता. आणि रोज त्याच्या डोळ्यांपुढं हॉल येत होता. तिथले झगे, मोजे, ओठांच्या लाल्या, आणि त्यांत हनुवटीवर गोंदलेली, कपाळभर कुंकू लावलेली, कासोटा घातलेली आपली बायको. व्हरांड्यातली माणसं पुन्हा टाळ्या पिटतील, या एका भीतीपुढं त्याला बाकी काही दिसेना. नाचाच्या आदल्या दिवशी त्यानं सांगून टाकलं, "पास एकाचाच आहे."

"असं व्हय," ती म्हणाली. आणि त्याच्या पँटीला इस्त्री करायला तिनं तांब्यात निखारे घातले. ती भांडली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

नाताळाच्या आधीच्या रविवारी, दिवेलागणीला नाच झाला. आत शिरताच हेझलनं विचारलं, "वाइफ किधर? पास तो दो का था."

आजूबाजूला पाच-सहा माणसं उभी होती. लाज वाटते म्हणून आणली नाही, असं कसं सांगणार? लीलाधरच्या तोंडून निघून गेलं, "उसका पाँव खराब है. बचपन से."

ते शब्द त्याचे त्यालाच ऐकू आले. पण हेझलच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिनं त्याचा दंड थोपटला, शेजारच्या गार्डच्या बायकोला सांगितलं, तिनं आणखी कुणाला. पाच मिनिटांत सगळा हॉल त्याच्याकडं असा पाहू लागला की बघा, लंगड्या बायकोला सांभाळणारा भला माणूस. मग टँगो लागला. लीलाधर असा नाचला की बँडवाल्यांनी मान वळवून पाहिलं. कोपरा आला, पुढचं जोडपं अडलं, त्यानं श्वासभर थांबून दिशा बदलली, हेझलचं पाऊल टेकू दिलं आणि तिला एकामागून एक तीनदा फिरवलं.

"तुम को रुकना किसने सिखाया?" ती थक्क होऊन म्हणाली. "मर्द लोग रुकता नहीं."

"आपने," लीलाधर म्हणाला. एका संध्याकाळी त्यानं बायकोचा पायही घेतला आणि तिची विद्याही घेतली. घरी आल्यावर तिनं विचारलं, "तिसऱ्या गिरकीले तोल गेला का?" तो म्हणाला, "नाही." ती म्हणाली, "मंग बरं."

पुढच्या रविवारी सकाळी दारावर टकटक झाली. दारात हेझल, हातात केकचा डबा आणि तेलाची बाटली. लीलाधर दाढीचा साबण तोंडाला फासून बसला होता, तो तसाच गोठला. सुनंदा चुलीपाशी होती.

"तुम्हारा पाँव के वास्ते तेल लाया," हेझल तिला म्हणाली. "हमारा मम्मी बनाता है. मिस्टर नारखेडे ने बोला, बचपन से तकलीफ है. तुम उठो मत."

सुनंदानं नवऱ्याकडं पाहिलं. किती वेळ? भाकरी उलटायला लागतो तेवढा. त्याच्या साबण लावलेल्या तोंडावर काय दिसलं असेल ते असो, तिला सगळं समजलं. ती भिंतीला हात लावून उठली आणि डावा पाय ओढत, अंग एका बाजूला टाकत, पाहुणीसाठी पाट घेऊन आली. मग तशीच चहा ठेवायला गेली. तशीच कपबशी घेऊन आली. अर्धा तास ती त्या दीड खोलीत लंगडली, हेझल चुकचुकत राहिली, आणि लीलाधरच्या गालांवर साबण वाळून त्याची कातडी ताणत राहिली.

पाहुणी गेल्यावर तो म्हणाला, "मी... माझ्या तोंडून गेलं."

सुनंदा कपबशी विसळत होती. तिनं मागं न पाहता विचारलं, "डावा सांगितला व्हता का उजवा?"

"काहीच सांगितलं नव्हतं. नुसता पाय."

"मंग डावाच राहू द्या."

त्या दिवसापासून ती लंगडू लागली. हेझलचा बंगला बाजाराच्या वाटेवर होता. तिची आई दिवसभर व्हरांड्यात आरामखुर्ची टाकून बसे. भाजीला जा, दळणाला जा, त्या म्हातारीच्या नजरेखालूनच जावं लागे. शेजारणींना सुनंदानं सांगितलं, नळावर पाय घसरला. ज्या बाईनं जन्मात खोटं सांगितलं नव्हतं, ती आता बायकाबायकांत कळा कशा येतात तेही सांगू लागली. उद्या हेझलला खरं सांगायचं, असं लीलाधर रोज रात्री ठरवी. दोनदा टेलिफोन ऑफिसपर्यंत गेलाही. पण ती दिसताच विचारी, "उसका पाँव कैसा है?" आणि हा म्हणे, "तेल से थोडा फरक है." म्हणजे गेला तो खोटं फेडायला, आणि आला आणखी एक सांगून.

जानेवारीत इन्स्टिट्यूटच्या कमिटीवर त्याची निवड झाली. पहिला देशी कारकून म्हणून हारही पडला. अँग्लो-इंडियन मतं त्याला सगळीच्या सगळी मिळाली होती. ती टँगोची नव्हती, सुनंदाच्या पायाची होती, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. ऑफिसातला धुळ्याकडचा गिरधर समोरच्या टेबलावरून ओरडला, "काय रे, मेंबर! आते पेढा कवय देस?" लीलाधरनं पेढे वाटले. घरी नेलेला पुडा सुनंदानं शेजारी वाटला, लंगडत लंगडत.

एका दुपारी तो यार्डावरच्या पुलावर उभा होता. खालच्या वाटेनं सुनंदा सरपणाची मोळी घेऊन येत होती. त्या वाटेवर चिटपाखरू नव्हतं. ना हेझल, ना म्हातारी, ना शेजारीण. तरी ती डावा पाय ओढत होती. संध्याकाळी त्यानं विचारलं, "कुणी नसताना कशाला?"

"इथं सरळ चालली आन् तिथं विसरली तं?" ती म्हणाली. "पायाले सवय लागाले पाह्यजे."

त्यानं धीर करून बाज उभी केली, हात पुढं केला. टक्-टक् केलं. तिनं बाज पुन्हा आडवी केली आणि गोधडी पसरली. दाराची कडी मात्र त्यानंतर कधी दिवसा लागली नाही.

एप्रिल आला. हेझलच्या निरोपाचा नाच रविवारी दुपारी चारला ठरला. पासावर तिनं स्वतःच्या हातानं दोघांची नावं घातली आणि खाली लिहिलं, बाईंना जरूर आणा, त्या बसून पाहतील. लीलाधरला वाटलं सुनंदा नाही म्हणेल. तिनं अंजिरी लुगडं काढलं, हिरवी चोळी घातली. चार महिने घडी घालून ठेवलेल्या त्या चोळीवर घडीच्या रेघा तशाच उमटल्या होत्या.

ती हॉलमध्ये शिरली तेव्हा कुणीही टाळ्या पिटल्या नाहीत. उलट लोक बाजूला झाले, दोघांनी खुर्ची आणली, हेझलच्या आईनं तिच्या पाठीमागं उशी दिली. व्हरांड्यातली आपली माणसं चिडीचूप होती. तिच्या गोंदणाकडं, कुंकवाकडं, कासोट्याकडं कुणाचं लक्षसुद्धा गेलं नाही. एवढ्याच भीतीनं त्यानं तिला नाताळात आणली नव्हती! लीलाधरला तिथंच भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

टँगो लागला. हेझलनं त्याला ओढून नेलं. तो नाचू लागला आणि हेझलच्या खांद्यावरून त्याला सुनंदा दिसू लागली. ती जोडप्यांकडं पाहत नव्हती, त्याच्या खांद्यांकडं पाहत होती. कोपरा आला. तो वळायचं ठरवतो न ठरवतो तोच सुनंदाची हनुवटी त्या बाजूला हलली, आणि हेझल वळली ती त्यानंतर. पुढच्या वळणालाही तसंच. सगळ्या हॉलमध्ये त्याचं मन वाचणारी एकच बाई होती, आणि तिला त्यानं उशी देऊन बसवून ठेवलं होतं. त्याला रडू फुटायला आलं. बस झालं, तो मनात म्हणाला, आत्ता, या क्षणी सगळ्यांसमोर सांगतो. होऊ दे काय छी-थू व्हायची ती.

बाजा थांबला. तो सरळ सुनंदापुढं जाऊन उभा राहिला आणि त्यानं हात पुढं केला. "ऊठ. नाच माझ्यासंगं."

सुनंदानं वर पाहिलं. एक क्षण तिचे पाय खुर्चीखाली सावरले गेले, आता उठतेच. लीलाधर हेझलकडं वळून म्हणाला, "मिस हेझल, मुझे सबके सामने कुछ बोलना है. इसका पाँव—"

सुनंदानं त्याचं मनगट पकडलं. दळणाऱ्या बाईच्या हाताची पकड ती, त्याचं हाड कळवळलं. "माहा पाय लय दुखून राह्यला," ती मोठ्यानं म्हणाली, आणि हेझलकडं पाहून ओशाळं हसत तिनं डावा गुडघा चोळून दाखवला.

"शेम, मिस्टर नारखेडे!" हेझल कडाडली. "लंगडा औरत को नाच में खींचता है? सब लोग के सामने?" आजूबाजूच्या माना हलल्या. गार्डच्या बायकोनं सुनंदाला सरबत दिलं. बँड पुन्हा सुरू झाला आणि पुढचा टँगोही लीलाधरला हेझलबरोबरच नाचावा लागला.

उन्हं कलली तेव्हा दोघं घरी निघाली. अर्ध्या वाटेवर तो थांबला. "मला का सांगू दिलं नाहीस? मी खोटा पडलो असतो, पडू द्यायचं होतं. माझंच पाप होतं."

"तुमी कशाचे खोटे पडता?" सुनंदा म्हणाली. तिच्या आवाजात राग होता, नऊ वर्षांत पहिल्यांदा. "तुमी एक डाव कबूल करून मोकळे झाले असते. लोक म्हनते, खरं बोलला बिचारा. आन् मी? चार महिने लंगडी ती मी. तेल घेतलं म्या, केक खाल्ला म्या, म्हातारीनं उशी देल्ली मले. सोंगं करनारी बाई कोन ठरली असती?"

लीलाधरला हे सुचलंच नव्हतं. त्याला फक्त स्वतःच्या छातीवरचं ओझं दिसत होतं, आणि ते ठेवायला त्यानं पुन्हा तिचंच डोकं शोधलं होतं. मग तो म्हणाला, "मी धुळ्याला बदली मागतो. गिरधर म्हणतो तिथं जागा आहे. तिथं आपल्याला कुणी ओळखत नाही. तू सरळ चालशील."

तिनं विचार केला. "तिथं असा हॉल हाये?"

"नाही."

"मंग सरळ चालून जायाचं कुठी?" ती म्हणाली, आणि पदर सावरून डावा पाय ओढत घराच्या वाटेला लागली.

दुसऱ्या दिवशी लीलाधरनं बदलीचा अर्ज टाकला. दुसरं काय करावं हे त्याला सुचत नव्हतं.